पहिली वेलांटी

‘बाबा, ऑपरेशनची भिती वाटते. प्रार्थना कशी करायची, लिहून पाठवा.’ लेकीच्या या पत्राला मी उत्तर दिलंच नाही. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली. सवयीप्रमाणे लाल शाईने ‘भिती’ची वेलांटी तेवढी पहिलीची दुसरी केली. मग देवाला शोभतील असे शब्द जुळवत बसलो. कच्चे कागद साठले. लेक ऑपरेशनमध्येच गेली. दफनावरून परतल्यावर बायकोने ते पत्र माझ्यापुढे सरकवलं. “अहो, जावई एकटाच आहे तिकडे. त्याला तरी लिहा. देव काय शुद्धलेखन तपासतोय?” खाटेपाशी गुडघे टेकले. पाठ असलेली प्रार्थनाही आठवेना. शेवटी तिचंच वाक्य तोंडून फुटलं, “प्रभू, भिती वाटते.” प्रथमच रडू आलं, कुणीतरी जवळ बसल्यासारखं वाटलं. जावयाला लिहिलं, ‘प्रार्थना अशीच करायची. तिला येतच होती.’ खाली तिचं वाक्य उतरवलं, वेलांटी पहिलीच ठेवली, पाकीट टपालपेटीत टाकलं.