यादीतलं पहिलं नाव

"हे असं न्हाई पाठवायचं," महारुद्रशेठ म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरच्या काचेवर आडवा तळहात ठेवला.

प्रणिताचं बोट माउसवरच थांबलं. केजच्या बसस्टँडसमोर तिचं इंटरनेट सेंटर सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, पण ई-मेल हाताने अडवणारं गिऱ्हाईक तिला आज पहिल्यांदा भेटलं. शेठजींचं गावात भांड्यांचं जुनं दुकान. मुलीचं, शिवानीचं, लग्न दहा दिवसांवर आलेलं. पोस्टाने पत्रिका पोचेपर्यंत मांडव सुटला असता, म्हणून बाहेरगावच्या एकतीस घरांना एकदमच ई-मेल करायचं ठरलं होतं. सकाळपासून प्रणिताने एकेक पत्ता अ‍ॅड्रेस बुकमध्ये भरला. पत्ता मुलाचा किंवा नातवाचा, नाव मात्र घरातल्या थोरल्याचं, असा शेठजींचा हुकूम होता. मग सगळ्यांचा मिळून एक गट केला आणि त्याला 'घरचे' असं नाव दिलं.

"काय झालं, काका?"

"वर कोन हाय बघ."

वर बंकट होता. लातूरचा आडत्या.

"आन् तळाला?"

तळाला सिद्धाराम होते. शेठजींचे सख्खे थोरले भाऊ, बंगळुरूला मुलापाशी राहणारे.

"आडत्या डोक्यावर आन् थोरला भाऊ पायाशी? ही यादी समद्यांना दिसंल का न्हाई?"

"दिसंल. पण मी न्हाई लावली अशी. नावं इंग्रजीत हायत, कॉम्प्युटर ए-बी-सी-डीप्रमानं लावतो."

"त्याला मानपान कळत न्हाई. आपल्याला तर कळतो?"

शेठजींना आता मानपान फार कळत होता, कारण एकदा ते त्यात सपशेल चुकले होते. नऊ वर्षांपूर्वी सगळ्या भावंडांनी मिळून देवळाला मोठं पातेलं दिलं. त्यावर नावं कोरायला शेठजीच बसले आणि आठवतील तशी कोरत गेले. थोरल्या भावाचं नाव तिसरं पडलं. "तुला मी तिसरा आठवलो?" एवढंच सिद्धाराम म्हणाले. पंगतीतून उठून गेले ते पुन्हा केजला आले नाहीत. फोनवर शेठजींचा आवाज ऐकला की ठेवून देत. थोरला चुलता नसताना पोर बोहल्यावर चढणार, या विचाराने आठवडाभर शेठजींना जेवण गोड लागत नव्हतं.

"मग त्यांचं वेगळं टाकते, समद्यांच्या आधी," प्रणिता म्हणाली.

"वेगळं म्हंजे घराबाहेर. न्हाई. यादीतच पाहिजे, आन् वर पाहिजे."

"नावाआधी एक नंबर घालू का?"

"त्यो काय रेशनच्या लायनीत उभा हाय?"

प्रणिताला हसू आलं, पण शेठजींचा चेहरा पाहून तिने ते गिळलं. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा ओठ दाबून बसला होता. तिला त्यांची फार माया वाटली.

"काका, तुमी त्यांना हाक काय मारता?"

शेठजी दाराबाहेर बघू लागले. बाहेर धारूरचा जीपवाला गिऱ्हाइकं गोळा करायला ओरडत होता. तो थांबला, जीप भरून निघून गेली.

"अप्पा," शेवटी ते म्हणाले.

नऊ वर्षांत हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. घरात विषय निघाला तरी 'बेंगलोरवाले' म्हणून वेळ मारून नेत.

प्रणिताने 'सिद्धाराम' खोडून 'अप्पा' लिहिलं. नाव तळातून उठलं आणि थेट बंकटच्या वर जाऊन बसलं. शेठजींनी चष्मा पुसून तीनदा खात्री करून घेतली.

"हां. आता सोड."

दुसऱ्या दिवशी प्रणिता कुलूप काढायला आली तेव्हा शेठजी पायरीवर बसलेले. इंटरनेटची लाइन लागायला वीस मिनिटं गेली, तेवढ्या वेळात त्यांनी "आलं का काही?" असं सात वेळा विचारलं.

उत्तर आलं होतं. सिद्धारामांनी सांगितलेलं आणि त्यांच्या मुलाने, महांतेशने, शब्दन् शब्द उतरवलेलं. ते एकट्या शेठजींना नव्हतं, एकतीसच्या एकतीस घरांना गेलं होतं. प्रणिता वाचू लागली.

"महारुद्रा, नऊ वर्षं झाली तरी तुला अक्कल आली न्हाई. महादेवी आक्का आपल्यात समद्यांत थोरली. तिचं नाव मधीच कुठंतरी टाकलंस, आन् माझं वर? तिच्या डोक्यावर मी कशाला बसू? आधी आक्का, मंग मी. यादी नीट कर आन् समद्यांना पुन्यांदा पाठव."

पुढे काही नव्हतं. प्रणिताने खाली सरकवून पाहिलं.

"काका, येतो का न्हाई ते लिहिलंच न्हाई त्यांनी."

मग तिनेच 'महादेवी' खोडून 'आक्का' लिहिलं. काही न सांगता कॉम्प्युटरने ते नाव उचललं आणि अप्पाच्या वर नेऊन ठेवलं.

शेठजींचं तिकडे लक्षच नव्हतं. उपरण्याने डोळे पुसत ते हसत होते.

"भांडायलाय, पोरी," ते म्हणाले. "म्हंजे यायलाय."