सत्काराची शाल

"शाली शोधताय?" चौकशी अधिकारी मृणाल तारळेकरांसमोर बसलेला अच्युत बेडगे हसला. "आमदारांनी सगळ्या जाळून टाकल्या, मॅडम."

खरंच होतं. लोकरीत मुरलेलं बोलणं यंत्राने ऐकता येतं, हे जाहीर झालं त्याच आठवड्यात त्यांनी होळी केली. कंपन्यांसाठी आमदार वळवणारा बेडगे फोनवर कधीच बोलायचा नाही. सत्काराची शाल पांघरताना तो कानात सौदा सांगायचा.

मृणालने कपाटातून एक निळी शाल काढली. बेडगेचं हसू मावळलं.

"ही कोणाची?"

"माझ्या बाबांची. पुलाच्या निकृष्ट कामावर सही न करणारे इंजिनिअर. त्यांच्या बदलीच्या निरोप समारंभात तुम्हीच घातली होतीत. अकरा वर्षं मी ती धुतलेली नाही."

तिने शाल यंत्रात सरकवली. आधी नुसती खरखर आली, मग बेडगेचाच आवाज.

"मंत्री माझ्या खिशात आहेत, साहेब. उद्या पूल पडला, तर कागदावर तुमचीच सही सापडेल. करून ठेवलीय."

पूल पडला होता. बाबा तुरुंगातच वारले होते.

मृणालने ती शाल बेडगेच्या खांद्यांवर पांघरली, नीट चापून बसवली आणि त्याच्या कानाशी वाकली.

"आता एकेक नाव सांगा. ही ऐकतेय."