दहा मिनिटं पुढे

“बिघडलंय,” हेडक्लार्क म्हणाले आणि बगलेतलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दुकानाच्या काउंटरवर आडवं ठेवलं.

“काय होतंय?”

“मागे पडत नाही.”

घड्याळवाल्याने डोळ्यावरचं भिंग काढलं आणि गिऱ्हाइकाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

हेडक्लार्कांनी मग समजावून सांगितलं, हाताखालच्यांना सांगतात तसं, सावकाश. हे घड्याळ आठवड्याला बरोबर दहा मिनिटं मागे पडतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, घराला शिस्त लागावी म्हणून, सकाळी उठून त्यांनी ते दहा मिनिटं पुढे केलं होतं. पुढच्या रविवारी मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं, तर वेळ अगदी बरोबर. दहा मिनिटं गायब! तेव्हापासून दर रविवारी सकाळी स्टुलावर चढायचं, किल्ली द्यायची आणि काटा दहा मिनिटं पुढे सरकवायचा. मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली, सासरी गेली. हा नेम चुकला नाही. एरवी मनगटी घड्याळ घरात पाऊल टाकताच ड्रॉवरमध्ये जाई. एका घरात दोन घड्याळं म्हणजे दोन मतं, आणि हेडक्लार्कांच्या घरात तशी पद्धत नव्हती.

ऑफिसात प्रत्येक नव्या कारकुनाला हे ऐकावं लागे. “घड्याळ काय अन् संसार काय, मागे पडणारच. पुढे रेटणारा एक खंबीर माणूस लागतो.” नवा कारकून मान डोलवी. जुने तेवढ्यात चहा पिऊन येत.

आणि आता हे असं. मुलीच्या बाळंतपणासाठी बायको एका रविवारी जेवून लगेच निघाली. पुढच्या रविवारी पाहतात तर घड्याळ दहा मिनिटं पुढे ते पुढेच. आपलीच काहीतरी गफलत झाली असेल, असं म्हणून त्यांनी नेमाप्रमाणे आणखी दहा मिनिटं दिली. त्याच्या पुढच्या रविवारी ते वीस मिनिटं पुढे होतं. पण नियम तो नियम. परवा हेडक्लार्क ऑफिसात पोचले, तेव्हा शिपाई दाराचं कुलूप काढत होता.

“साहेब, घरी भांडण झालं का?” त्याने हळूच विचारलं.

भांडायला घरी कोणी असावं लागतं, असं उत्तर हेडक्लार्कांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

खरं दुखणं तिथेच होतं. बायको महिन्याभराचं सांगून गेली होती. रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. “कसं चाललंय तिकडे?” ती विचारायची. “घड्याळासारखं,” हेडक्लार्क ताठ आवाजात सांगायचे. इकडे दूध उतू जात असायचं, शर्टाला इस्त्री नसायची, आणि ‘लवकर ये’ हे दोन शब्द घशात अडकलेले असायचे. गेल्या खेपेला ती म्हणाली, “मग राहू का आणखी दोन महिने? तुमचं तर काही अडत नाही.” “खुशाल राहा,” हेडक्लार्क म्हणून गेले. आज संध्याकाळी ती पक्कं काय ते सांगणार होती.

घड्याळवाल्याने मागचं झाकण उघडलं, आत डोकावून पाहिलं, लंबकाला बोट लावलं.

“यंत्र ठणठणीत आहे. हे मागे पडणारं घड्याळच नाही.” मग त्याने काटे बरोबर वेळेवर आणले, झाकण लावलं आणि वरची धूळ फुंकली. “कोणी पुसत नाही वाटतं?”

“पुसतात तर! बायको पुसते. दर रविवारी दुपारी, मी जरा आडवा झालो की, स्टुलावर चढून, चांगलं काचेचं दार उघडून...”

हेडक्लार्क थांबले. दुकानातली घड्याळं आपापल्या मताप्रमाणे टिकटिकत राहिली.

“वहिनी गावाला गेल्यात?” घड्याळवाल्याने विचारलं.

“हो.”

“मग याची दुरुस्ती माझ्या हातात नाही.”

संध्याकाळी फोन वाजला.

“कसं चाललंय तिकडे?”

“घड्याळासारखं,” हेडक्लार्क म्हणाले. मग घसा खाकरून पुढे म्हणाले, “अर्धा तास पुढे गेलं होतं.”

पलीकडून बाळाची कुरकुर ऐकू आली. मग बायको हसली.

“कळलं म्हणायचं एकदाचं!”

“अगं, पण कशासाठी?”

“आधी माझ्या, मग पोरीच्या झोपेसाठी. त्या वयात सकाळची दहा मिनिटं म्हणजे केवढी असतात! मग ती गेली सासरी, पण माझ्या हाताला सवय लागली होती. आणि तुम्ही तरी कुठे सोडत होतात?”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“बोलले असते, तर तुम्ही वीस मिनिटं पुढे केलं असतंत.”

हेडक्लार्कांनी विचार केला. केलं असतं. त्यात वादच नव्हता.

“ये आता,” ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच हुकमी होता, फक्त शेवटी जरासा घसरला. “इथे मागे करायला कोणी नाही.”

“येते. इथे विहीणबाई आल्यात आता, पोरीला सोबत आहे. उद्या सकाळच्या गाडीने निघते.”

हेडक्लार्कांनी फोन ठेवला. भिंतीवरचं घड्याळ मनगटी घड्याळाशी ताडून पाहिलं. वेळ तंतोतंत बरोबर होती. त्यांनी समाधानाने मान हलवली, स्टूल ओढलं, किल्ली दिली आणि काटा नेमका दहा मिनिटं पुढे सरकवला.

मागे घेणारी उद्या येत होती.