एका तासाचं मीठ

तोआदेरने वस्तरा फिरवला आणि ग्लिगोरची बोटभर मिशी फेसासकट खाली पडली. कबुतर मंडळाच्या खोलीत शिट्ट्या वाजल्या. पैज सगळ्यांसमोर लागली होती: ज्याचं पाखरू मागे पडेल, त्याची मिशी जाईल. ग्लिगोरची मिशी बारीक होती, पण चाळीस वर्षांची होती. तिची एक बाजू आता गेली होती.

टेबलाशी वेतुरियाबाई लॅपटॉपवरचा तक्ता वाचत होत्या. "पहिला तोआदेर. घरापर्यंतचं अंतर दोनशे अडुसष्ट किलोमीटर, वेग मिनिटाला नऊशे एकाहत्तर मीटर. दुसरा ग्लिगोर. अंतर दोनशे पन्नास, वेग नऊशे एकसष्ट."

ग्लिगोरने तोआदेरचं मनगट धरलं. "किती?"

"हललास तर कान जाईल, म्हाताऱ्या."

"जाऊ दे कान! बाई, आज वारा पाठीमागून होता. माझी फुल्गा समोरच्या वाऱ्यातही हजाराखाली येत नाही. आज काय चालत आली?"

वारा सगळ्यांनीच पाहिला होता. बाईंनी चष्मा लावला, पाखरं सोडल्याच्या वेळेवर बोट ठेवलं आणि नेलूला फोन लावला. पाखरं हंगेरीत नेऊन सोडणारा ट्रक त्याचा.

"नेलू, किती वाजता सोडलीस?"

"सातला. सकाळी सांगितलं की, बाई."

"कुठल्या सातला?"

"कुठल्या म्हणजे? मोबाईलवर वाजले होते त्या."

"आणि मोबाईल कुठे होता?"

"माझ्या खिशात." मग जरा थांबून, "हंगेरीत."

बाईंनी फोन ठेवला. "सीमा ओलांडली की मोबाईल आपोआप तासभर मागे जातो. पाखरं उतरली आपल्या घड्याळात, सुटली तिकडच्या. तिकडचे सात म्हणजे आपले आठ. मी तासभर जास्त उडवली त्यांना."

"अहो, पण तास सगळ्यांनाच जास्त लागला ना!" तोआदेर ओरडला. "काढाल तर सगळ्यांचाच निघेल. नंबर कसा बदलेल?"

"तोआदेर, लहान पातेल्यात मूठभर मीठ टाकलं आणि मोठ्या पातेल्यातही मूठभरच. जास्त खारट कुठलं?"

"लहान."

"ग्लिगोरचं घर जवळ. त्याचं पातेलं लहान."

त्यांनी सातचे आठ केले. पडद्यावर सगळे आकडे हलले आणि वरच्या दोन ओळींनी जागा बदलल्या. ग्लिगोर, बाराशे पन्नास. तोआदेर, बाराशे चाळीस.

एकच आरडाओरडा झाला. कुणाच्या तरी हातून त्सुइका दारूचा पेला उलटला. ग्लिगोर तोंडावरच्या फेसासकट खुर्चीवर चढला आणि "फुल्गा! फुल्गा!" म्हणून नाचू लागला. मग उतरला आणि खुर्ची झटकून तोआदेरपुढे सरकवली.

तोआदेर बसला. त्याची मिशी या कानापासून त्या कानापर्यंत होती. त्याने ती दोन्ही हातांनी झाकली.

"हे बघ, ग्लिगोर, न्यायाने बोलू. तुझी बोटभर गेली. माझीही बोटभर काढ. सारखं झालं."

ग्लिगोरने उघड्या पडलेल्या ओठावरून बोट फिरवलं. बाईंकडे पाहिलं. बाई लॅपटॉप मिटत होत्या.

"बाई," तो म्हणाला, "याला जरा मीठ द्या."

आणि त्याने ब्रश पाण्यात बुडवला.