जिन्याचा तुकडा

काँक्रीटचा तुकडा कालपासून बादलीत भिजत होता. तिने तो उचलला, फडक्याने पुसला आणि काट्यावर ठेवला. तीन हजार सहाशे नव्वद ग्रॅम. तिने आकडा लिहून घेतला.

नऊ दिवसांपूर्वी दवाखान्याचा जिना कोसळला, त्या जिन्याचा हा तुकडा. तीन जण गेले. त्यांतली एक तिची सख्खी बहीण, तिथली नर्स. प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला समजावलं होतं, "तू सुट्टी घे. दुसरं कुणीतरी करेल." ती म्हणाली होती, "मीच करते." नऊ दिवसांत तिला एकदाही रडू आलं नव्हतं. भूकही लागत नव्हती. कुणी ताट पुढे सरकवलं की ती जेवायची, उचललं की हात धुवायची.

चोचीच्या भांड्यात तिने काठोकाठ पाणी भरलं आणि तुकडा दोरीने हळूच आत सोडला. चोचीतून पाणी मापाच्या नळीत पडू लागलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत ती थांबली. अठराशे मिलिलीटर.

"किती आलं?"

दारात भावोजी उभे होते. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. जिना त्यांनीच बांधला होता.

तिने भागाकार केला. "घनता दोन पॉइंट शून्य पाच. दोन पॉइंट चार यायला हवं होतं. आत नुसती पोकळी आहे, भावोजी."

ते स्टुलावर मटकन बसले.

"पोरांची आई गेली," ते म्हणाले. "आता बापही आत गेला तर त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? दोन पॉइंट चार लिही. मागच्या वेळी लिहिलंस तसंच."

दवाखाना सुरू व्हायच्या आधी ताईचा फोन आला होता. "एका कागदासाठी अडलंय गं सगळं. तुझ्या भावोजींचं काम आहे, वाईट कसं असेल? टाक ना लिहून." ताई हसत होती. तीही हसली होती.

तिने अहवालात दोन पॉइंट शून्य पाच लिहिलं आणि खाली सही केली. मग कपाटातून दोन वर्षांपूर्वीचा अहवाल काढला. त्यावरही तिचीच सही होती. दोन्ही कागद तिने चौकशी समितीच्या पाकिटात घातले.

"अगं, तूही अडकशील," भावोजी म्हणाले.

"हो," ती म्हणाली आणि पाकीट चिकटवलं.

मागच्या वेळी तपासायला आलेला जिन्याचा तुकडा तिने पोत्यातून बाहेरसुद्धा काढला नव्हता.