हितचिंतक

लेक चांगली नोकरी सोडून व्हिडिओ गेमच्या नव्या लीगमध्ये उतरली, तेव्हापासून बापाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पण तिचा सामना लागला की तो शिलाई मशीन थांबवून मोबाइल उघडायचा आणि 'हितचिंतक' या खोट्या नावाने कमेंट टाकायचा, "तुला जमायचं नाही. गुमान घरी जा." पहिल्या हंगामाच्या चौदाही सामन्यांत हा नेम चुकला नाही.

अंतिम सामना जिंकल्यावर निवेदकाने तिला विचारलं, "घरचे खूश असतील ना?"

"घरचं कुणी बघत नाही हो," ती हसली. "पण तो 'हितचिंतक' आहे ना, टोमणे मारायला का होईना, दरवेळी येतो. त्याच्यासाठी खेळले."

बापाने घाईघाईने 'शाबास पोरी' लिहिलं, आणि ते कोणत्या नावाने पाठवावं तेच त्याला कळेना.