फळ्यावरची चिठ्ठी

दिसली पाटी की ती मोठ्याने वाचल्याशिवाय दीनानाथ पुढे सरकत नसत, आणि विंचेस्टरमध्ये पाट्यांना तोटा नव्हता. सकाळी किल्ल्याच्या दालनात दंतकथेतल्या राजाचं म्हणून भिंतीवर टांगलेलं ते भलंमोठं गोल टेबल खोटं कसं, हे त्यांनी पत्नीला, सुचेताबाईंना समजावून सांगितलं. दुपारी कॅथीड्रल. पेट्यांमधली राजांची हाडं एकमेकांत कशी मिसळली ते सांगून झालं. मग पाया खचला तेव्हा एक पाणबुड्या पाच-सहा वर्षं काळोख्या पाण्यात उतरून काम कसं करत होता, ते.

"पाच-सहा वर्षं? मग त्याची बायको—"

"बायको राहू दे गं. पाया बघ, पाया," म्हणत ते पुढच्या थडग्याकडे निघालेसुद्धा.

वीज मंडळातून एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला माणूस. पाया, खांब, कमान, सगळंच त्यांच्या अखत्यारीतलं. बेसिंगस्टोकला मुलाकडे राहून सहा महिने होत आले होते. शनिवारी परतीचं विमान होतं आणि पाहायचं म्हणून हे एवढं एकच शहर राहिलं होतं. सुचेताबाईंचे गुडघे दुखायला लागले तशा त्या एका फळ्याजवळच्या खुर्चीवर बसल्या. दीनानाथ एकटेच मागची बाजू पाहायला गेले.

पाऊण तासाने परत आले तर खुर्ची रिकामी. पलीकडे मेणबत्त्यांपाशी बाईंचा स्वेटर दिसला, म्हणून ते निवांत झाले. फळ्यावर चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. कुणीही यावं, बाजूच्या कागदावर आपली प्रार्थना लिहावी आणि लावावी. दीनानाथ अर्थातच वाचायला लागले. कुणाच्या आजीचं ऑपरेशन होतं. कुणाचा कुत्रा हरवला होता. कुत्र्यासाठीही प्रार्थना, म्हणून ते खुदकन हसले.

आणि त्याच्या खालीच, ।। श्री ।।

किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी श्री लिहिणारी बाई, ती इथे तरी कशी सोडेल? त्यांना मनापासून गंमत वाटली. प्रवास सुखरूप होऊ दे असं काहीतरी मागितलं असणार. सवयीने त्यांनी मोठ्याने सुरुवात केली आणि पहिल्या ओळीतच आवाज बसला.

"शनिवारी यांच्याबरोबर परत जावं लागू नये. मारत नाहीत, पीत नाहीत, काही कमी नाही. पण एकेचाळीस वर्षांत माझं एक वाक्य पुरं झालेलं नाही. मला इथे ठेव, नाहीतर कुठेही ठेव, पण एकटीला ठेव. इथे मराठी कुणाला येत नाही, म्हणून लिहिते आहे."

त्यांनी परत वाचलं. दुसरी कुणी मराठी बाई येऊन गेली असेल, असंही एक क्षण मनात आणून पाहिलं. पण अक्षर तेच होतं, रोज फ्रीजवर दिसणारं. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. मग संताप आला. सांगायचं होतं तर मला सांगायचं. मी काय नाही म्हणालो असतो?

म्हणालो असतो, हेही त्यांना लगेच कळलं.

चिठ्ठी काढून खिशात घालावी म्हणून त्यांनी ती फळ्यावरून सोडवली, तेवढ्यात गळ्यात बिल्ला लावलेली एक पांढऱ्या केसांची स्वयंसेविका छोटी टोपली घेऊन आली.

"ही तुमची भाषा का?" तिने इंग्रजीत विचारलं. तिचा चेहरा उजळला होता. "बरं झालं भेटलात. या चिठ्ठ्या आम्ही वाचून प्रार्थना करतो. ही कुणालाच वाचता येईना. वाचाल का? तुमच्याच भाषेत वाचा, ज्याला कळायची त्याला कळेल."

एव्हाना सुचेताबाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांना नवऱ्याच्या हातातली चिठ्ठी दिसली. चेहरा पांढराफटक पडला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"अहो, ती माझी—"

"माहीत आहे. अक्षर ओळखतो मी." दीनानाथांनी चिठ्ठी पुढे केली. "घे. तूच वाच. मोठ्याने वाच."

ती गडबडेल, एखादं स्तोत्र पुटपुटेल, आणि प्रकरण इथेच मिटेल अशी त्यांची खात्री होती. संसारात त्यांनी इतकी प्रकरणं अशीच मिटवली होती.

सुचेताबाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, लावला. मग त्यांनी श्रीपासून वाचायला सुरुवात केली. एकही शब्द गाळला नाही. आवाज आधी कापत होता, मग कापेनासा झाला. त्या उंच दगडी छताखाली तो दीनानाथांनी कधी ऐकला नव्हता एवढा मोठा वाटत होता. मधे दोनदा दीनानाथांनी तोंड उघडलं, पण बाई थांबल्या नाहीत. जवळून जाणारं एक गोरं जोडपं थबकलं, नवऱ्याने टोपी काढून हातात घेतली. 'एकटीला ठेव' म्हणताना बाईंनी वर पाहिलं नाही. 'इथे मराठी कुणाला येत नाही' हे मात्र त्यांनी सरळ दीनानाथांकडे बघून वाचलं.

चिठ्ठी संपली. त्यांनी तिची नीट घडी घातली आणि टोपलीत ठेवली.

"आमेन," स्वयंसेविका डोळे मिटून म्हणाली, आपल्याकडे तथास्तु म्हणतात तसं.

"आमेन," ते जोडपंही म्हणालं.

सुचेताबाईंनी हात जोडले. "आमेन," त्याही म्हणाल्या.

मग एकटे दीनानाथ म्हणायचे राहिले, आणि सगळे त्यांच्याकडे बघत थांबले.